शब्बीरभाईची जुमेरात

शब्बीरभाईच्या स्कूटरवर मागं बसायचं म्हणजे आधी तपासणी व्हायची. तो माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघायचा, डब्याच्या पिशवीची गाठ बघायचा, माझे दोन्ही पाय नीट टेकलेत का ते वाकून बघायचा. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा आणि माझ्या डोळ्यांसमोर धरायचा. मीही तसाच गोल करून दाखवल्याशिवाय गाडी हलत नसे. हर्सूलच्या नाक्यावर रोज सकाळी आमचं हे नाटक चाले आणि पानवाला गालातल्या गालात हसायचा.

"अरे बाबा, बसस्टँडपर्यंत तर जायचंय," मी वैतागून म्हणायचो.

"पाण्यात असो नायतर रस्त्यावर, जाधवभाऊ," तो म्हणायचा, "जोडीदारानं ठीक हाय म्हटल्याबगर निघायचं नाय."

मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून तो मला अहो-जाहो करी. मी त्याला अरे-तुरेच करायचो. स्कूटर स्टँडवर लावून आम्ही पैठणची एसटी धरायचो. मी धरणातून शहराला पाणी चढवणाऱ्या पंपगृहात ऑपरेटर होतो. पाण्याच्या खात्यात सगळी नोकरी गेली आणि मला पोहता येत नाही, ही गोष्ट मी कुणाला कळू देत नसे. शब्बीरभाईनं ती पहिल्याच दिवशी ओळखली. काठावर मी पाऊल कसं टाकतो त्यावरून ओळखली म्हणे. कुणाला सांगितलं मात्र नाही.

तो ठेकेदाराकडचा पाणबुड्या. पाणी ज्या जाळीतून आत येतं ती जाळी शेवाळानं, प्लास्टिकनं, सोडलेल्या हारांनी, कपड्यांनी तुंबते. मग पाठीवर हवेची नळकांडी बांधून कुणीतरी खाली उतरायचं आणि हातानं ती साफ करायची. हे कुणीतरी म्हणजे शब्बीरभाई. त्याच्या कमरेला दोर असे आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे वर येतोय. हिसक्यावर हिसके आले तर काही विचार न करता ओढायचं. ते कधी आले नाहीत.

त्याआधी अकरा वर्षं तो गोझो नावाच्या बेटावर होता. माल्टा देशाचं ते धाकटं बेट, भूमध्य समुद्रातलं. पोहायला तो धरणाच्या काठावर भोई लोकांत शिकला, तिथून मुंबई, मग दुबईत पाणबुड्यांच्या दुकानात नळकांडी भरायचं काम, आणि तिथला मालक त्याला बेटावर घेऊन गेला. तिथं तो परदेशी पाहुण्यांना हाताला धरून समुद्राखाली फिरवून आणायचा. बुडालेलं जहाज दाखवायचा, मुद्दाम खाली ठेवलेला पुतळा दाखवायचा.

"तिथलं पाणी पाणी नाय वाटत," तो सांगायचा. "खालचा दगड वरून दिसतो. दगडाची सावलीबी दिसते. अन् लोक देवाला अल्लाच म्हणतात बरं का. अल्ला म्हणतात अन् चर्चला जातात. पहिल्यांदा ऐकलं तवा मला रडू आलं."

त्याला रडू लवकर यायचं. पण बेटाच्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट सांगताना तो रडत नसे, अगदी सपाट आवाजात सांगे. एक म्हातारी जर्मन बाई दरवर्षी यायची. तिच्या नवऱ्याची राख तिथल्या समुद्रात सोडली होती. शब्बीरभाई तिला खाली एका कपारीपाशी नेई, ती दगडावर हात ठेवी, थोडा वेळ थांबे, आणि मग वर जायची खूण करी. बस, एवढंच.

"पाण्याखाली जाऊन भेटता येतं, हे मला त्या बाईनं शिकवलं," तो म्हणायचा.

हे वाक्य मी किती तरी दिवस नुसतंच ऐकून घेत होतो. त्याचा अर्थ पुढं कळला.

आधी त्याच्या धुण्याबद्दल सांगतो. समुद्रातून आल्यावर सगळं सामान गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर खारं पाणी ते खातं. धरणाचं पाणी गोडंच. तरी शब्बीरभाई घरी येऊन रबरी पोशाख, चष्मा, पायांत घालायचे पंखे दोन बादल्या पाण्यात धुवायचा. आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी. त्याची बायको नसीमभाभी तळतळून माझ्याकडं गाऱ्हाणं घेऊन यायची. "भाईजान, ये आदमी धरणाच्या पाण्याला नळाच्या पाण्यानं धुतो! याला समजवा." मी समजवायला गेलो. तो बादलीवर वाकून चष्म्याची काच अंगठ्यानं पुसत होता. म्हणाला, "सवय मोडली का माणूस कुठंबी चुकतो." 

एका संध्याकाळी काम संपल्यावर तो म्हणाला, "आज जुमेरात हाय. अर्धा घंटा थांबता का? एका जागी जायचंय." जुमेरात म्हणजे गुरुवार. त्यांच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी फातिहा वाचतात. एका भोयाची होडी त्यानं सांगून ठेवली होती. मी होडीत जीव मुठीत धरून बसलो.

वाटेत त्यानं सांगितलं. तो पाच वर्षांचा असताना वडील वारले आणि जुन्या गावच्या कब्रस्तानात पुरले गेले. वर्षाच्या आत धरण भरलं. गाव उठलं, माणसं निघाली, म्हशी निघाल्या, मशिदीचा दरवाजासुद्धा निघाला. कब्रस्तान तिथंच राहिलं. त्याची आई, आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो, चार पोरं घेऊन शहरात आली आणि दुसऱ्यांच्या गोधड्या शिवून तिनं ती वाढवली. तिच्या तोंडात आयुष्यभर एकच बोलणं राहिलं, "मी त्याला पाण्यात सोडून आले." आपल्या कुणीतरी त्या कबरीवर हात ठेवून एकदा फातिहा वाचावा, एवढंच तिला हवं होतं. बेटावरच्या त्या बाईला दगडाशी नेताना हे त्याच्या डोक्यात आलं आणि तो चांगलं चाललेलं सोडून परत आला. डाव्या कानाचा पडदा तिथंच फाटला होता. शहरातल्या कानाच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, आता खाली गेलास तर उजवाही जाईल.

"मग जातोस कशाला?" मी विचारलं.

"अम्माचं वय बघा ना, जाधवभाऊ."

आमच्या धरणात दोन हात खाली गेलं की स्वतःचा पंजा दिसत नाही. सगळं गढूळ. तिथं तो बोटांनी बघायचा. अम्मानं खुणा दिल्या होत्या. थोरल्या विहिरीपासून मावळतीला दोनशे पावलं, मग लिंबाचं झाड, झाडाखाली कबर. तेवढ्या पावलांना पोहताना किती वेळा पाय मारावे लागतील, याचा त्यानं हिशेब केला. दोन हिवाळे तो नुसती विहीर शोधत होता. तिसऱ्या हिवाळ्यात विहिरीचं कडं हाताला लागलं. मग झाडाचा बुंधा लागला, आणि बुंध्याजवळ घडीव दगडांची लांबट चौकट. माणसाएवढी लांब, आत गाळ भरलेला.

त्या दिवशी तो वर आला तो चष्मा न काढताच बोलायला लागला.

"सुई बघितली मी! मनगटावरचं होकायंत्र चष्म्याच्या काचेला लावून, बत्तीच्या उजेडात. बराबर उत्तर-दक्षिण हाय. आमच्या कबरा उत्तर-दक्षिणच असतात, डोकं उत्तरेला, तोंड मावळतीला. तेच हायत. अब्बाच हायत."

आणि तो होडीच्या कडेला कपाळ टेकवून ढसाढसा रडला. भोई आणि मी दुसरीकडं बघत बसलो.

मग दर जुमेरातला हेच. तोंडात नळी असल्यावर ओठ हलत नाहीत, म्हणून तो दगडावर हात ठेवून मनातल्या मनात फातिहा वाचायचा. मी दोर धरून वर येणारे बुडबुडे बघायचो. घरी गेला की अम्मा त्याचा उजवा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसायची. त्यानं दगडाला लावलेला पंजा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. अशी सहा वर्षं गेली. मधे डॉक्टरकडं जायचं तो टाळत राहिला आणि मीही त्याला फार टोकलं नाही.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. धरण आटत आटत तळाला गेलं आणि जुनी गावं उघडी पडली. लोक जीपा करून आपापली घरं बघायला जायला लागले. अम्मानं हट्ट धरला, मला न्या. चालवत नव्हतं तिला, पण ऐकेना. शब्बीरभाईनं जीप केली आणि मलाही ओढलं.

भेगाळलेल्या गाळातून आम्ही चाललो. अम्मा मधे, तिचा एक हात त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. धरणाचं पाणी दूर मागं सरकलं होतं आणि ओल्या पट्ट्यात लोकांनी गाळपेर केली होती. पाणी हटलं की उघड्या जमिनीत लोक पीक घेतात, ती गाळपेर. टरबुजाचे वेल लांबवर पसरले होते.

शब्बीरभाई पहिल्यांदाच ती जागा डोळ्यांनी बघत होता, पण अडखळला नाही. थेट गेला. विहिरीचं कडं, बुंधा, चौकट. "हे बघ अम्मा," म्हणाला, आणि लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

 अम्मानं चौकटीकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, मग मान वळवून सगळ्या गावावरून नजर फिरवली. शेवटी म्हणाली, "व्हय. हीच हाय."

फातिहाआधी वजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला, त्याला पाणी हवं होतं. कॅन घेऊन तो पाण्याच्या कडेला निघाला. चांगलं फर्लांगभर लांब. तो ऐकू येण्याच्या पलीकडं गेल्यावर अम्मानं माझं मनगट धरलं.

"हा गुरांचा हौद हाय, बाबा."

मला आधी कळलंच नाही.

"ही थोरली विहीर न्हाय, ही पाटलाची. गावात दोन हिरी व्हत्या, मी सांगायचीच इसरले. मही म्हैस हितंच पाणी प्यायची. हे बघ, दावं घासून घासून दगड झिजलाय." तिनं दगडाच्या कडेवरच्या खाचेत बोट फिरवलं. मग हनुवटीनं टरबुजाच्या वेलांकडं दाखवलं. "कब्रस्तान तिकडं व्हतं."

तिकडं एक ट्रॅक्टर गाळ भरून चालला होता.

"मग त्याला सांगत का नाही?" मी म्हणालो.

"सहा साल त्यानं हितं हात ठिवलाय. काय सांगू? आता मी बघितलं म्हणते. मन भरलं म्हणते. म्हंजे तो पाण्यात जायचा थांबंल. त्याचा कान वाचंल. तू बोलू नको. मह्या गळ्याची शपथ हाय तुला."

शब्बीरभाई पाणी घेऊन आला. दोघांनी वजू केला. मायलेक त्या हौदापाशी हात पसरून उभे राहिले आणि मी चपला काढून मागं उभा राहिलो. त्याचे डोळे मिटलेले होते. तिचे उघडे होते आणि ती त्या वेलांकडं बघत होती.

परत निघालो तर गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यानं हाक मारली. म्हातारी माणसं लांबून आली म्हणून त्यानं एक टरबूज फोडून आमच्यापुढं धरलं. ऊन रणरणत होतं. शब्बीरभाईनं दोन फोडी खाल्ल्या, आणखी मागून घेतली. "काय गोड हाय, अम्मा! खा की." अम्मानं फोड हातात धरली. जीपपर्यंत ती तशीच धरून होती, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. मग तिनं ती पदराच्या टोकात गुंडाळून घेतली. माझ्या हातातली अर्धी खाऊन झाली होती. मला ती गिळवेना आणि टाकवेनाही.

जीपमध्ये अम्मा त्याला म्हणाली, "बघितलं मी आता. तू नको जाऊ पाण्यात. तो सुखी हाय." तो "व्हय अम्मा" म्हणाला. मला वाटलं, म्हातारीनं जमवलं.

पण शब्बीरभाईची गोष्ट उलटीच. आतापर्यंत त्याच्या मनात कुठंतरी शंका असणार. ती आता उरली नाही. अम्मानं स्वतः ओळखलं होतं ना! पाऊस झाला, धरण भरलं, पंपगृहाचं काम ठेकेदारानं दुसऱ्याला दिलं, तरी त्याची जुमेरात चालूच राहिली, अम्माला चोरून. मी दर वेळी ठरवायचो की आज सांगून टाकायचं. होडीत बसायचो, वाफ धरू नये म्हणून तो चष्म्यात थुंकून काच चोळायचा, गोल करून दाखवायचा, मीही गोल करून दाखवायचो. ठीक आहे. काही ठीक नव्हतं. मी शपथेचं कारण स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती त्याच्या तोंडाची, ते ऐकल्यावर ते कसं होईल त्याची.

पुढच्या हिवाळ्यात अम्मा गेली. शहरातल्या कब्रस्तानात तिला मूठमाती दिली. तिचा चाळिसावा दिवस नेमका जुमेरातला आला आणि शब्बीरभाईला सर्दी झाली होती. सर्दीत खाली जायचं नाही, हा नियम त्यानंच मला शिकवला होता. नाक चोंदलं की कानातला दाब मोकळा होत नाही. बेटावर त्यानं शिंकणाऱ्या पाहुण्यांना होडीतून उतरू दिलं नव्हतं, पाहुणे चिडले तरी.

"आज नको," मी म्हणालो. "पुढच्या वेळी जाऊ."

"चाळिसावा पुढच्या वेळी येतो का, जाधवभाऊ?"

त्याच्या हातात औषधाची रिकामी बाटली होती. तिच्यात अम्माच्या कबरीवरची माती. "अब्बाजवळ ठिवून येतो. इतकी सालं दोघं लांब राहिले."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. अम्मा गेली होती, शपथही तिच्याबरोबर गेली असती. दोर माझ्या हातात होता. मी तोंड उघडलंसुद्धा, आणि म्हणालो काय, तर "सांभाळून."

तो चाळीस मिनिटं खाली होता. वर आला तेव्हा हसत होता. उजव्या कानातून रक्त येऊन मानेवरून पोशाखात उतरत होतं. "झाले एका जागी," तो म्हणाला. मी त्याला विचारत होतो दुखतंय का, चक्कर येतेय का, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत नुसता हसत होता. भोयानं वल्हं मारायला सुरुवात केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला काहीच ऐकू येत नाहीये.

त्याचं ऐकणं परत आलं नाही. डॉक्टर झाले, यंत्रं झाली. तोल जायचा म्हणून स्कूटर सुटली. मी निवृत्त झालो होतो. एकाच भागात राहून मी त्याच्याकडं जायचं टाळू लागलो. काय तोंड दाखवणार होतो? मधे दीड वर्ष गेलं. मग एकदा नसीमभाभी दारात येऊन उभी राहिली. "वो याद करते. रोज विचारतात, जाधवभाऊ का येत नाहीत." मी गेलो.

अंगणात पत्र्याच्या सावलीत तो खुर्चीवर बसला होता. बारीक झालेला, दाढी पांढरी. मला बघून उठायला गेला आणि भिंतीला धरून थांबला. ऐकू न येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, तसा तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलत होता. तब्येत, पोरं, पाणी कधी येतं. मी खुणांनी उत्तरं देत होतो. तेवढ्यात त्यानं नातीची दुरेघी वही आणि पेन्सिल ओढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"एक विचारायचंय तुम्हाला, लई दिवसांपासनं," तो म्हणाला. "मी पाणी आणाया गेलो व्हतो तवा मागं वळून बघितलं. अम्मानं तुमचं मनगट धरलं व्हतं. काय म्हणली ती? मला सोडून तुम्हाला काय सांगितलं?"

त्याची नजर माझ्या हातावर होती. नसीमभाभी चहा घेऊन आली, तीही थांबली. मी पेन्सिल धरली. ती बोथट होती. पहिली रेघ ओढली ती पुसट उठली. दुसऱ्यांदा ओढली. मी लिहिलं, अम्मा म्हणाली की माझ्या शब्बीरनं जे केलं ते कुणाचा मुलगा करणार नाही.

त्यानं वही दोन्ही हातांत घेतली. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तो केवढ्यानं तरी ओरडला, "नसीम! हे बघ! अम्मा काय म्हणली बघ!" ती वाचायला लागली, सून बाहेर आली, नात आली, शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. सगळ्यांनी वाचलं. शेजारीण माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलं."

मी चहा तसाच ठेवून उठलो. दारात चपला घालताना बघितलं, त्यानं ते पान जपून वहीतून फाडून घेतलं होतं, आणि भिंतीवर जागा बघत तो सुनेकडं चिकटपट्टी मागत होता.